छोट्या गटाची संस्था नोंदणी, १२ ए आणि ८० जी: धर्मादाय कार्यालय, आयकर पोर्टल आणि सल्लागारांच्या पॅकेजचं परीक्षण

शनिवार-रविवारी मुलांना शिकवणारा, गडावरच्या टाक्यांतला गाळ काढणारा किंवा रक्तदान शिबिरं भरवणारा दहा-पंधरा जणांचा गट महाराष्ट्रात करसवलत असलेली धर्मादाय संस्था होऊ पाहतो, तेव्हा त्याचा दोन सरकारी सेवांशी संबंध येतो. एक म्हणजे जिल्ह्याचं धर्मादाय कार्यालय, दुसरी म्हणजे आयकर विभागाचं पोर्टल. तिसरी सेवा खासगी आहे आणि बहुतेक गट सुरुवात तिथूनच करतात: 'नोंदणी, १२ ए, ८० जी, सगळं करून देतो' असं सांगणारा सल्लागार. (१२ ए म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरची करसवलत, ८० जी म्हणजे देणगीदाराला करात मिळणारी वजावट.) तिन्हींबद्दल आमचं मत आधीच सांगतो. आयकर पोर्टलवरची तात्पुरती नोंदणी ही सरकारी सेवांमधली एक उत्तम सेवा आहे. धर्मादाय कार्यालयाचं काम सावकाश चालतं, पण तिथली तपासणी अनाठायी नसते. पॅकेजमध्ये मात्र पैसे बहुधा सोप्या कामाचे घेतले जातात आणि अवघड काम, म्हणजे संस्थेची घटना (उद्देश आणि नियमांचा मूळ दस्तऐवज) लिहिणं, जुन्या नमुन्याची नक्कल करून उरकलं जातं.

आधी गरज तपासा. संस्थेला मिळणारी देणगी आयकराच्या लेखी उत्पन्नच असते. ते वर्षाकाठी मूळ करमुक्त मर्यादेच्या आत राहत असेल, तर १२ ए नसलं तरी कर भरावा लागत नाही. वर्षाला लाख-दीड लाखाचं काम करणाऱ्या गटाने निव्वळ कर वाचवण्यासाठी १२ ए घेण्यात अर्थ नाही. ८० जीचा फायदाही आता पूर्वीइतका नाही. देणगीदाराला देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही एकूण उत्पन्नाच्या (ठरावीक वजावटी काढून) १० टक्क्यांच्या मर्यादेत. दहा हजार देणाऱ्याच्या उत्पन्नातून पाच हजार वजा होतात; तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह वाचतात १,०४० रुपये. आणि त्याने नवी कररचना घेतली असेल तर शून्य, कारण नव्या रचनेत ही वजावट नाही. २०२३-२४ पासून नवी रचनाच आपोआप लागू होते, त्यामुळे 'पावती द्या, ८० जी आहे ना?' असं विचारणाऱ्या कित्येक नोकरदारांना त्या पावतीचा प्रत्यक्षात उपयोग नसतो.

मग घ्यायची कोणी? ज्यांना कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी हवा आहे त्यांनी, कारण त्यासाठी सीएसआर-१ हा अर्ज भरावा लागतो आणि १२ ए व ८० जी असल्याशिवाय तो भरता येत नाही. मोठे वैयक्तिक देणगीदार असलेल्यांनी. आणि जागा, वाहन, पगारी माणूस अशा गोष्टींकडे वळणाऱ्यांनी. एखाद्या पुरानंतर मदत गोळा करण्यापुरतं एकदाच काम करायचं असेल, तर गणेश मंडळं घेतात तशी कलम ४१ क खालची तात्पुरती परवानगी धर्मादाय कार्यालयातून मिळते. ती पुरेशी आहे. ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेचा एक उपक्रम म्हणून काम करणं हाही चांगला मार्ग आहे. पैसा त्यांच्या खात्यात, हिशोब त्यांच्याकडे, मैदानातलं काम तुमचं.

नोंदणी करायचीच ठरली, तर रूप निवडावं लागतं. न्यास, म्हणजे ट्रस्ट, दोन विश्वस्तांवरही होतो आणि विश्वस्त सहसा दीर्घकाळ राहतात. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालच्या संस्थेला, म्हणजे सोसायटीला, किमान सात सभासद लागतात, सर्वसाधारण सभा आणि निवडणूक असते. महाराष्ट्रात एक वेगळेपण आहे: सोसायटी नोंदली की ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. म्हणून अशा संस्थांकडे दोन दाखले असतात, एक सोसायटीचा आणि दुसरा विश्वस्तव्यवस्थेचा, 'एफ' अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाचा. न्यासाचा क्रमांक बहुधा 'ई'चा असतो. स्वयंसेवकांच्या गटाला आमच्या मते सोसायटीच योग्य, कारण माणसं येतात-जातात आणि ते घटनेत आधीच धरलेलं असतं. कंपनी कायद्यातली कलम ८ ची कंपनी छोट्या गटाने टाळावी. नोंदणी पटकन होते, पण दरवर्षी कंपनी निबंधकाकडे भरायच्या विवरणांचा खर्च मागे लागतो.

आता घटना. हे दस्तऐवज मन लावून लिहा, कारण पुढचे सगळे अधिकारी तुमच्या कामाआधी हेच वाचतात. नमुन्याच्या घटनेत पंचवीस-तीस उद्देश असतात: शाळा काढणे, गोशाळा, वृद्धाश्रम, क्रीडा, पर्यटन, बचत गट, मंदिर जीर्णोद्धार. हे धोक्याचं आहे. आयकर कायद्यात धर्मादाय हेतूचे प्रकार ठरलेले आहेत: गरिबांना मदत, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरणाचं रक्षण, स्मारकं व कलात्मक-ऐतिहासिक वस्तूंचं जतन, आणि शेवटी 'सार्वजनिक उपयोगाचं इतर कोणतंही काम'. या शेवटच्या प्रकारात बसलात, तर शुल्क किंवा विक्रीतून येणारं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. गडसंवर्धन करणाऱ्यांनी उद्देश 'ऐतिहासिक वास्तूंचं जतन' असा स्पष्ट लिहिला तर ते वरच्या प्रकारात बसतात; 'गडकोट पर्यटनास चालना' असं लिहिलं तर शंकेला जागा होते. चार-पाच उद्देश, प्रत्येक दोन ओळींत, पुरे. मंदिर, जात, समाज यांचा उल्लेख ८० जी हवं असणाऱ्याने काढूनच टाकावा. एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला ८० जी मिळत नाही, आणि मिळाल्यावरही धार्मिक बाबींवरचा खर्च वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपलीकडे चालत नाही.

यापुढची कलमं नसतील तर आयकराच्या पक्क्या नोंदणीच्या वेळी अडचण ठरलेली. विसर्जनाचं कलम: संस्था बंद झाली तर मालमत्ता सभासदांत वाटली जाणार नाही, तशाच उद्देशाच्या करसवलतपात्र संस्थेकडे जाईल. लाभाचं कलम: उत्पन्न आणि मालमत्ता फक्त उद्देशांसाठीच वापरली जाईल, विश्वस्तांना नफा किंवा लाभ मिळणार नाही. खर्च भारतातच होईल. पैसा आयकर कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीतच राहील. न्यास असेल तर तो रद्द करता येणार नाही, हे शब्दांत लिहिलेलं हवं. लेखापरीक्षण दरवर्षी होईल. आणि घटनादुरुस्ती कशी करायची, हेही हवं. हे कलम सुटलं तर बाकीची चूक सुधारायलाही वाट राहत नाही.

संस्थेच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग घटनेतच लिहून ठेवा, ही सूचना मराठी संस्थांसाठी फार महत्त्वाची. दाखला मराठीत येतो. पॅनकार्डावर 'प्रतिष्ठान' एका प्रकारे लिहिलं जातं, बँकेत दुसऱ्या, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर तिसऱ्या. 'टी'नंतरचा 'एच' कुठे असतो, कुठे नसतो. एवढ्यावरून पॅनची पडताळणी अडते आणि दुरुस्तीला आठवडे जातात.

धर्मादाय कार्यालयात आधी नाव तपासलं जातं. आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या संस्था शोधता येतात. आपल्या जिल्ह्यात तेच किंवा जवळचं नाव आहे का ते पाहा आणि तीन पर्याय तयार ठेवा. 'भारत सरकार', 'राष्ट्रीय' असे शासकीय भास देणारे शब्द टाळा, १९५० च्याच बोधचिन्हे व नावे कायद्यामुळे त्यांवर हरकत येते. कागदांत ज्ञापन व नियमावली (हीच सोसायटीची घटना), सात किंवा अधिक सभासदांची सही-पत्ता-व्यवसायासह यादी, प्रत्येकाचं संमतीपत्र, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, अर्ज करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र, शपथपत्र, पहिल्या सभेचा ठराव, आणि कार्यालयाच्या जागेचं वीजबिल व मालकाचं ना हरकत पत्र लागतं. सरकारी शुल्क किरकोळ आहे. जास्त पैसे मागितले तर ते कशाचे आहेत हे पावतीवर लिहून मागा.

चुका कुठे होतात? सातपैकी पाच जण एकाच घरातले असले की प्रश्न विचारले जातात. ठरावावरची तारीख शपथपत्राच्या नंतरची निघते. आधार कार्डावरचं नाव आणि यादीतलं नाव वेगळं असतं, लग्नानंतरच्या आडनावामुळे विशेषतः. जागेचा मालक हयात नसतो आणि वीजबिल अजून त्याच्याच नावे येत असतं. विश्वस्तव्यवस्थेच्या अर्जावर कलम १९ खाली चौकशी होते, हरकती मागवणारी नोटीस निघते, मग आदेश होतो. हा काळ कोणी 'लवकर करून' देऊ शकत नाही; तसं वचन देणाऱ्यापासून दूर राहा. आदेशानंतर दाखल्याबरोबर परिशिष्ट एकचा उतारा जरूर घ्या. विश्वस्त कोण, मालमत्ता किती, हे त्यावर असतं आणि बँकेपासून सीएसआर देणाऱ्या कंपनीपर्यंत सगळे तोच मागतात.

या कार्यालयाशी संबंध दाखला मिळाल्यावर संपत नाही, आणि गटांचं सर्वांत जास्त नुकसान या गैरसमजातून होतं. विश्वस्त बदलला, वारला, कार्यालयाचा पत्ता बदलला, जागा घेतली, की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. दोन-तीन निवडणुकांचे बदल अर्ज राहिले की कागदावर जुनीच कार्यकारिणी कायम राहते. बँक नव्यांच्या सह्या घेत नाही, आणि नवे विश्वस्त आयकर पोर्टलवर सही करतात तेव्हा परिशिष्ट एकवर त्यांचं नावच नसतं. मागचे सगळे अर्ज क्रमाने मंजूर होईपर्यंत पुढचा अडकतो. निवडणुकीच्या सभेची नोटीस, हजेरीपट, इतिवृत्त आणि जाणाऱ्यांचे राजीनामे त्याच आठवड्यात फायलीला लावले तर हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. जमीन किंवा इमारत विकायची तर कलम ३६ खाली आधी मंजुरी लागते, हेही ध्यानात ठेवा. हिशोब ३१ मार्चला बंद करून लेखापरीक्षण सहा महिन्यांत व्हावं लागतं. ताळेबंद परिशिष्ट आठच्या आणि जमाखर्च परिशिष्ट नऊच्या नमुन्यात. धर्मादाय कार्यालयाला पाचपैकी तीन गुण. ऑनलाइन शोध आणि अर्ज भरणं सोयीचं झालं आहे, पण बदल अर्जांना लागणारा वेळ छोट्या संस्थांना जड जातो.

दाखला मिळाला की संस्थेच्या नावाचं पॅन, मग दोघांच्या संयुक्त सहीचं बँक खातं, आणि मग आयकर. इथे एक खुलासा हवा. १२ ए आणि ८० जी ही नावं १९६१ च्या कायद्यातली. २०२५ चा नवा आयकर अधिनियम १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात नोंदणी कलम ३३२ मध्ये आणि देणगीदाराची वजावट १३३ मध्ये गेली आहे. खाली जुनेच क्रमांक दिले आहेत, कारण बोलण्यात आणि सल्लागारांच्या जाहिरातींत तेच आहेत. प्रत्यक्ष भरताना पोर्टलवर दिसणारा अर्ज क्रमांक धरावा.

तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज म्हणजे १० ए. पोर्टलवर संस्थेच्या पॅनने प्रवेश करायचा, आयकर अर्जांच्या यादीतून १० ए निवडायचा. एका अर्जात कलमाचा एकच कोड निवडता येतो, म्हणून १२ ए साठी एक आणि ८० जी साठी दुसरा, असे दोन अर्ज. सर्वाधिक चुका या कोडच्या यादीत होतात. ओळी लांबलचक आणि एकमेकींसारख्या आहेत. घाईत जुन्या संस्थांच्या फेरनोंदणीची ओळ निवडली जाते आणि पुढे आदेशच रद्द होण्याची वेळ येते. घटना, दोन्ही दाखले, पॅन हे स्वसाक्षांकित करून जोडायचं; घटना मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही जोडावं. सही करणाऱ्या विश्वस्ताचं पॅन पोर्टलवर आधीपासून नोंदलेलं हवं. शुल्क नाही. अर्ज केलेल्या महिन्याच्या अखेरीपासून एका महिन्यात आदेश यायला हवा, आणि तो प्रश्नोत्तरांशिवाय येतो. आदेशावर संस्थेचा नोंदणी क्रमांक असतो. तात्पुरती नोंदणी तीन करनिर्धारण वर्षांची असते. पाचपैकी साडेचार गुण द्यावेत अशी ही सेवा आहे. यासाठी मोठं शुल्क घेणारं पॅकेज घेऊ नका, संगणक येणारा कोणताही सभासद हे एका संध्याकाळी करू शकतो.

पण हा मार्ग काम सुरू न झालेल्या संस्थेसाठी आहे. ऑक्टोबर २०२३ पासून, काम सुरू झालेल्या संस्थेने थेट १० एबी हा पक्क्या नोंदणीचा अर्ज करायचा असतो. स्वयंसेवी गट इथे हमखास गोंधळतात. गट पाच वर्षं काम करतोय, संस्था मात्र आत्ता नोंदली. बघायचं ते संस्थेचं काम: तिच्या खात्यातून पहिला कार्यक्रमाचा खर्च झाला, तिच्या नावाने शिबिर झालं, की काम सुरू झालं. म्हणून दाखला आल्यावर लगेच कार्यक्रम न घेता आधी १० ए भरावा, आदेश हातात घ्यावा आणि मग काम सुरू करावं. ८० जीच्या आदेशाआधी घेतलेल्या देणगीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही, त्यामुळेही हा क्रम हिताचा.

तात्पुरत्या नोंदणीनंतर पक्की नोंदणी कधी मागायची, याची मुदत फार गटांना माहीत नसते. काम सुरू झाल्यापासून सहा महिने, किंवा तात्पुरती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यांतली जी तारीख आधी येईल ती. 'तीन वर्षं आहेत' असं समजून बसणाऱ्यांची पहिली तारीख केव्हाच उलटलेली असते. विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना २०२४ पासून मिळाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं. नोंदणी गेली तर प्रकरण कर भरण्यापुरतं राहत नाही. कलम ११५ टीडी खाली संस्थेच्या साठलेल्या निव्वळ मालमत्तेवर कमाल दराने कर लागू शकतो.

१० एबी हा खरा कस आहे. अर्ज आयकर आयुक्त (सूट) यांच्याकडे जातो; महाराष्ट्रात ही कार्यालयं मुंबई आणि पुण्याला आहेत. निर्णयाला, अर्ज आलेल्या तिमाहीच्या अखेरीपासून सहा महिन्यांपर्यंतचा अवधी असतो. पोर्टलवरच प्रश्नावली येते आणि उत्तराला दिवस थोडे असतात, म्हणून नोंदवलेला ईमेल एकाच माणसाच्या भरवशावर ठेवू नका. देणगीदारांची यादी, बँक उतारे, बिलं, कार्यक्रमाची तारीख-ठिकाण असलेले फोटो, लाभार्थींची यादी, कोणत्या उद्देशाखाली कोणता खर्च झाला याचा तक्ता, हे सगळं मागितलं जातं. इतर कायद्यांचं पालनही पाहिलं जातं, म्हणून धर्मादायकडचा थकलेला बदल अर्ज इथे आडवा येतो. फोटो आहेत पण बिलं सभासदांच्या वैयक्तिक नावावर, ही स्वयंसेवी गटांची नेहमीची अडचण. पहिल्या दिवसापासून बिल संस्थेच्या नावे घ्या. मंजुरी मिळाली की नोंदणी पाच वर्षांची असते. आधीच्या दोन वर्षांत सूट धरण्यापूर्वीचं उत्पन्न पाच कोटींपर्यंत असेल तर १२ ए साठी ती दहा वर्षांची, हा २०२५ चा बदल छोट्या संस्थांना मोठा दिलासा आहे. या टप्प्याला सल्लागार घेणं रास्त आहे.

सवलत मिळाल्यावरचं वर्षभराचं काम पॅकेजवाले सांगत नाहीत. उत्पन्नाच्या ८५ टक्के त्याच वर्षी उद्देशांवर खर्च व्हावा लागतो, नाहीतर मुदतीत अर्ज करून रक्कम ठरावीक कामासाठी राखावी लागते. उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेलं की १० बीबी नमुन्यात (परदेशी निधी किंवा पाच कोटींहून जास्त उत्पन्न असेल तर १० बी) लेखापरीक्षण आणि त्यानंतर आयटीआर-७ हे आयकर विवरणपत्र. एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही. शिबिराच्या जेवणाचे पैसे केटररला रोख देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दानपेटीत निनावी आलेली रक्कम एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांत जी जास्त असेल तिच्यापलीकडे गेली की वरच्या भागावर ३० टक्के कर.

८० जी असलेल्या संस्थेने प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम १० बीडी या विवरणात ३१ मेपर्यंत भरायची, मग पोर्टलवरून १० बीई प्रमाणपत्र काढून देणगीदाराला द्यायचं. हाताने लिहिलेली पावती एकटी चालत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि वर दहा हजार ते एक लाख दंड होऊ शकतो. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला पात्र नाही. वह्या, तांदूळ, ब्लँकेट अशा वस्तूंची देणगीही नाही. त्यांची किंमत टाकून ८० जीची पावती देणं चूक आहे.

परदेशात राहणाऱ्या नातलगांकडून मदत घेणाऱ्यांनी आणखी जपावं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परकीय निधी ठरत नाहीत. तोच माणूस परदेशी नागरिक झाला असेल तर ठरतात, आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाने पाठवले तरी ठरतात. असा एक रुपयाही एफसीआरए, म्हणजे परकीय निधीविषयीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, आणि त्या नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम व उद्देशांवर पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

दर्पणबद्दल थोडक्यात: नोंदणी मोफत, तीन पदाधिकाऱ्यांचं पॅन व आधार लागतं, सरकारी अनुदानासाठी क्रमांक हवाच. कोणी यासाठी पैसे मागत असेल तर देऊ नका.

सल्लागाराकडे गेलातच, तर आधी त्याला घटनेचा मसुदा मागा आणि त्यात विसर्जनाचं कलम कुठे आहे ते विचारा. पॅकेजमध्ये १० एबीच्या प्रश्नावलीला उत्तर देणं धरलं आहे का, बदल अर्ज आणि १० बीडी कोण भरणार, पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे राहणार, हे लिहून घ्या. पासवर्ड, नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल संस्थेचेच हवेत, सल्लागाराचे नकोत. तो बदलला की नोटिसा त्याच्याकडे जात राहतात आणि संस्थेला मुदत टळल्यावर कळतं. 'हमखास ८० जी' म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नका. घटना तुमच्या कामाकडे पाहून नव्याने लिहून देणारा आणि दरवर्षी लेखापरीक्षण करणारा सनदी लेखापाल जवळपास मिळाला, तर त्याला त्या दोन कामांचे पूर्ण पैसे आनंदाने द्या, आणि १० ए व दर्पण स्वतः भरा.